चमेलीची केस

आमच्या दवाखान्यात पेशंट तोंड उघडायच्या आधी कार्ड पुढे करायचा. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्याच्या त्या जंगलपट्ट्यात घरोघर सिकलसेलची तपासणी झाली होती आणि ज्याच्या रक्तात तो सापडला, त्याला कार्ड मिळालं होतं. आजार असेल तर लाल, नुसता वाहक असेल तर पिवळं. लोक ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपायचे आणि खुर्चीवर टेकायच्या आधी टेबलावर ठेवायचे. ही सवय आमच्या सिस्टर सुशिलाबाईंनी लावलेली, आणि चांगल्या हेतूनं लावलेली. लाल कार्डवाल्याला रांगेत ताटकळत ठेवायचं नाही, असा त्यांचा नियम होता. मी मात्र त्या कार्डाचा भलताच फायदा करून घेतला. कार्ड दिसलं की माझं अर्धं काम आटोपायचं. हातपाय दुखतात? सिकल. थकवा? सिकल. ताप? तोही सिकलच. पुढचा पेशंट बोलवा.

मी हेमेंद्र रहांगडाले, राहणार फुलचूर. एम.डी. मेडिसिन झाल्यावर सरकारी बॉन्डचं एक वर्ष त्या दवाखान्यात काढत होतो. काढत होतो हाच शब्द बरोबर आहे. माझं सगळं लक्ष पुढच्या प्रवेश परीक्षेवर होतं. टेबलाच्या खणात पुस्तक, खणावर पेशंट, असा सगळा कारभार. दिवसाला दीडशे माणसं बघायचो आणि त्याची घरी शेखी मिरवायचो. दीडशे माणसं बघितली याचा अर्थ दीडशे माणसांकडे बघितलं असा होत नाही, हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

चमेली उईके पहिल्यांदा आली ती वडिलांबरोबर. वडील जागेश्वर वनखात्यात मजूर, कमी बोलणारा माणूस. चमेली तेवीस वर्षांची, चांगली तरतरीत मुलगी. तिनं पिवळं कार्ड ठेवलं आणि म्हणाली, "साहेब, सकाडी उठली का मूठ बंद नाही होत. तेंदूच्या पानाचा पुडाच बांधता नाही येत."

पिवळं कार्ड म्हणजे वाहक, आणि वाहकाला असा त्रास होत नाही, हे कॉलेजातल्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पण बाहेर रांग होती. कागदावर मी 'सिकल, सांधेदुखी' असं लिहिलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि त्याच औषधाच्या दहा गोळ्या दिल्या. तिला दोन दिवस बरं वाटलं. म्हणून ती परत आली.

वर्षभरात ती सहा वेळा आली. एकदा तोंडात फोड आले होते, मी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. एकदा केस मुठीनं गळत होते, त्यावर सुशिलाबाईंनी तेल सांगितलं. मे महिन्यात विडीचा तेंदूपत्ता तोडून आली तेव्हा दोन्ही गाल लाल झाले होते. "उन्हानं झाला असन," असं तीच म्हणाली आणि मी मान हलवली. शेवटच्या वेळी पाय जड वाटतात म्हणाली. दरवेळी दुखण्याच्या गोळ्या होत्याच. सहा भेटी, दर नव्या तक्रारीला वेगळा इलाज, आणि वर दरवेळी तेच कार्ड. सहा कागद शेजारी शेजारी ठेवून एकदाही बघितले नाहीत.

जुलैत माझा निकाल लागला. मला हृदयरोग हवा होता, पण मिळाला संधिवात, तोही दक्षिणेतल्या एका मोठ्या शिकवणाऱ्या रुग्णालयात. तीन वर्षांचं शिक्षण. फुलचूरमध्ये कुणाला हे काय प्रकरण आहे ते कळेना. वडील आमच्या पोवारी बोलीत म्हणाले त्याचा अर्थ असा, की एवढं शिकून शेवटी म्हाताऱ्यांचे गुडघेच दाबणार का. मीही हसलो. आतून खट्टूच होतो.

तिथं गेल्यावर पहिल्याच सोमवारी आमच्या विभागप्रमुख मॅडमनी मला जमिनीवर आणलं. त्या विभागाची एक रीत होती. नवा पेशंट आला की शिकाऊ डॉक्टरनं फाईल उघडायची नाही. नाव विचारायचं, पेशंटचे दोन्ही हात आपल्या हातात घ्यायचे आणि एकेक सांधा बोटांनी दाबून बघायचा. सगळे सांधे होईपर्यंत कागदाला शिवायचं नाही. मी पहिल्या दिवशी सवयीनं फाईल ओढली, तर मॅडमनी ती माझ्या हातून काढून घेतली आणि स्वतः तिच्यावर बसल्या. साठीची बाई, पांढरा कोट, फाईलवर बसलेली. "आधीच्या डॉक्टरला काय वाटलं ते मला नंतर ऐकायचंय," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तुझ्या बोटांना काय कळतं ते आधी सांग."

समोर एक विणकर बाई बसली होती. मी तिचे हात घेतले. बोटांच्या मुळाशी सूज होती, मऊ, मळलेल्या कणकेसारखी. माझ्या अंगठ्याखाली ती दबली. तिची भाषा मला येत नव्हती, शेजारची नर्स सांगत होती. सकाळी मूठ मिटत नाही. तोंडात फोड येतात. केस गळतात. उन्हात गेलं की गाल लाल होतात.

नर्स एकेक वाक्य सांगत होती आणि मला पुढचं आधीच माहीत होतं. मॅडमनी निदान विचारलं तेव्हा मी 'ल्युपस' म्हणालो. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणा शरीरावरच उलटते, सांध्यांपासून सुरू करते आणि वेळेत आवरली नाही तर किडनी खाते, तो आजार. मॅडमनी पहिल्याच दिवशी शाबासकी दिली. मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, लाजतोय.

त्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी मोबाईल काढला होता. सुशिलाबाईंचा नंबर होताच. काय सांगायचं तेही ठरलेलं होतं: उईकेंच्या चमेलीला बोलवा, तिची लघवी पट्टीनं तपासा, प्रोटीन दिसलं तर तशीच गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात पाठवा आणि त्या दुखण्याच्या गोळ्या आजच्या आज बंद करा. एवढंच. लघवीची पट्टी आमच्या कपाटात होती. दर बुधवारी सुशिलाबाई वीस गरोदर बायकांची लघवी त्याच पट्टीनं तपासायच्या. किडनीला लागलेली कीड त्या पट्टीवर एका मिनिटात दिसली असती. गरोदर बाईला पट्टी आणि कार्डवालीला गोळी, अशी आमची वाटणी होती.

मी फोन लावला नाही. का नाही लावला, हे मी स्वतःला अनेक प्रकारे समजावून सांगितलं. तेव्हा म्हणालो, खात्री कुठे आहे, नुसत्या आठवणीवर निदान करतात का? म्हणालो, सुशिलाबाईंना फोनवर कळणार नाही. म्हणालो, दिवाळीला जायचंच आहे, स्वतः जाऊन बघू, तेच शास्त्रशुद्ध. खरं कारण साधं होतं आणि लाजिरवाणं होतं. वर्षभर एम.डी. साहेबानं पोरीला चुकीचं औषध दिलं, किडनीला मारक गोळ्या दिल्या, हे सुशिलाबाईंना कळलं की आठवड्यात तालुक्याला कळलं असतं. मला तिथं पुन्हा नोकरी करायची नव्हती, तरी तिथलं नाव मात्र जपायचं होतं.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्या विभागात एक सभा भरायची. प्रत्येकानं आपल्या हातून चुकलेला एक पेशंट सगळ्यांसमोर मांडायचा. कुणी हसायचं नाही, कुणी रागवायचं नाही, चुकीतून शिकायचं. नव्या मुलांना सहा महिने सूट होती. मी सप्टेंबरमध्येच नाव दिलं.

आता आठवलं की माझी मलाच किळस येते. बावीस स्लाइड केल्या. गोंदिया जिल्ह्याचा नकाशा टाकला, सिकलचा पट्टा हिरव्या रंगात दाखवला. सुशिलाबाईंनी कधीतरी पाठवलेला कोऱ्या पिवळ्या कार्डाचा फोटो टाकला. चमेलीचं नाव अर्थातच लपवलं. 'तेवीस वर्षांची स्त्री, वनमजुराची मुलगी.' सहा भेटी सहा स्लाइडवर, आणि सातव्या स्लाइडवर सगळ्या एकत्र. सहा कागद मी शेवटी शेजारी शेजारी ठेवले, पण ते सभागृहातल्या पडद्यावर.

समोर चाळीस डॉक्टर होते. चर्चा रंगली. कोणतं औषध आधी, किती मिलिग्रॅम, किडनीचा तुकडा कधी काढून तपासायचा, सगळं ठरलं. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी टिपणं घेतली. मी पुढे उभा राहून 'माझी चूक' असं म्हणत होतो आणि आपण किती प्रामाणिक आहोत या कल्पनेनं माझाच ऊर भरून येत होता. टाळ्या पडल्या.

मग मॅडमनी चष्मा काढला आणि विचारलं, "ती आता कशी आहे?"

चाळीस जणांत हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता. मलाही नाही. मी म्हणालो, "उपचार सुरू आहेत, मॅडम."

"छान," त्या म्हणाल्या, आणि सभा संपली.

बाहेर येऊन मी जिन्यातच सुशिलाबाईंना फोन लावला. एक रिंग गेली आणि मी कापला. दोन मिनिटांत त्यांचाच आला.

"साहेब, मिसकॉल होता तुमचा. बरे आहा ना जी?"

"बरा आहे. सहज लावला होता."

"तुमच्या मागं डॉक्टरच नाही आला अजून. खुर्ची खालीच हाय. लोकं विचारते तुमाले. मी म्हनतो, साहेब शिकून रायले मोठ्या दवाखान्यात." त्या हसल्या. "काही काम होता का?"

"नाही," मी म्हणालो. "काहीच नाही."

त्यांनी दोनदा विचारलं, आणखी काही हवंय का म्हणून. मी दोनदा नाही म्हणालो. मूग गिळून बसणं म्हणजे काय ते मला त्या जिन्यात कळलं, आणि तरी मी ते गिळलेच.

दिवाळीला मी फुलचूरला आलो. तीन दिवस घरातून हललो नाही. फराळ केला, झोपा काढल्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे गुडघे फुकट तपासले. चौथ्या दिवशी वडिलांची मोटारसायकल काढली आणि आमगाववरून सालेकशाकडे निघालो. शेतांत धान कापणीला आलं होतं. हवा छान होती. वाटेत मी तिला काय सांगायचं त्याची उजळणी करत होतो: सोबत चल, गोंदियाला दाखवू, मी स्वतः लक्ष घालतो. मनातल्या मनात मी तिला बरीही करून टाकली होती.

सुशिलाबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात नोंदी करत बसल्या होत्या. माझ्या तोंडून चमेलीचं नाव निघताच त्यांनी पेन खाली ठेवला.

"थे त गोंदियाले हाय जी. दसऱ्यापासून. आंग सुजला, दम लागला, मंग गाडीत टाकून नेली. किडनीचा सांगतात. मशीनवर रक्त साफ करून रायले तिचा." माझ्याकडे बघून त्या थांबल्या. "तुमाले कसा मालूम, चमेलीचा?"

मी व्हरांड्यातून तसाच उतरलो. गाडी वळवली. ते रुग्णालय फुलचूरपासून पाच किलोमीटरवर आहे. तीन दिवस मी त्याच्या इतक्या जवळ बसून चकल्या खात होतो.

डायलिसिसच्या खोलीत सहा खाटा होत्या. चमेली खिडकीजवळच्या खाटेवर होती. चेहरा गोल, सुजलेला, केस अगदी विरळ. मी लगेच ओळखलं नाही. तिनं मात्र ओळखलं.

"साहेब, तुमी कवा आले?"

"आजच," मी म्हणालो. हेही खोटंच होतं.

मशीनची नळी नसलेला हात तिनं पांघरुणाबाहेर काढला आणि माझ्यासमोर मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. "पाहा जी, आता बंद होते. इथल्या गोळीनं हात बरे झाले. उन्हाळ्यात पुडे बांधीन मी."

मी तिचा हात हातात घेतला. एकेक सांधा दाबून बघितला, तिथं शिकवलेल्या रीतीनं, घाई न करता. सूज कुठेच नव्हती. औषधानं सांधे सुटले होते, किडन्या सुटल्या नव्हत्या. फाईल मी नंतर वाचली. निदान बरोबर केलं होतं, औषधं बरोबर होती, चाळीस जणांनी सांगितली होती तीच. फक्त उशीर झाला होता. तिथल्या तरुण डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं की दोन्ही किडन्या आता परत येतील असं दिसत नाही. महिना-दोन महिने आधी आली असती तर कदाचित. मग मी त्याच शास्त्रातला आहे हे कळल्यावर त्यानं विचारलं, "आधी कुणाच्या उपचाराखाली होती हो ही?"

"माझ्या," मी म्हणालो.

महिना-दोन महिने. सोमवारच्या त्या दुपारपासून दसऱ्यापर्यंतचे दिवस मी बोटांवर मोजले. दोन महिने पुरते भरत होते. त्या दिवशी फोन केला असता तर तिच्या किडन्या नक्की वाचल्या असत्या का, हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. या वाक्याचा आधार घेऊन मी अनेकदा झोपायचा प्रयत्न केला आहे. ते वाक्य खरं आहे आणि त्याचा काही उपयोग होत नाही.

जागेश्वर बाहेर बाकावर बसला होता. मला बघून उठायला लागला. मी त्याला बसवलं आणि शेजारी बसलो. त्यानं कपाळावरचा घाम गमछ्यानं पुसला.

"तुमी असते त असा नाही होता," तो म्हणाला. "तुमी गेले अन् पोरगी बिमार पडली. तुमची गोळी घेऊन थे चालत-फिरत होती."

इथं मला गप्प बसता आलं असतं. माणूस माझ्याबद्दल चांगलं बोलत होता, त्याच्या डोळ्यांत माझ्याविषयी राग नव्हता, आणि आता काही बदलणारही नव्हतं. घरी जाऊन मी वडिलांना सांगू शकलो असतो की बिचारीला भेटून आलो. मला त्या क्षणी तेच करावंसं वाटलं, हे कबूल करतो. पण तो माझ्या त्या गोळ्यांचं कौतुक करत होता, आणि ते मला सहन होईना.

"जागेश्वरमामा," मी म्हणालो, "ती गोळी चुकीची होती. तिला सिकलचा त्रास नव्हताच. हाच आजार होता, तेव्हापासून. मी ओळखला नाही. त्या गोळ्यांनी तिच्या किडनीला आणखी इजा झाली असणार."

तो माझ्याकडे वळला. "मंग आता कसा मालूम झाला?"

"आता नाही. ऑगस्टमध्येच कळलं. तिकडे गेलो त्याच आठवड्यात."

त्याला हिशेब लागायला वेळ लागला. मी थांबलो नाही, थांबलो असतो तर पुन्हा गिळून टाकलं असतं. सभेचं सांगितलं. पडद्याचं सांगितलं. चाळीस डॉक्टर होते, असं सांगितलं. मॅडमनी विचारलं आणि मी काय म्हणालो तेही सांगितलं. सुशिलाबाईंशी फोनवर बोललो आणि तिचं नाव घेतलं नाही, ते शेवटी सांगितलं, कारण ते सांगणं सगळ्यात जड होतं.

जागेश्वर ओरडला नाही. त्यानं माझी गचांडी धरली असती तर बरं झालं असतं. तो प्रश्न विचारत गेला, हळूहळू, वाट चुकलेल्याला रस्ता विचारावा तसा.

"चाळीस डॉक्टर होते म्हनता?"

"हो."

"त्यायले समजला, का बिमारी हाय थे?"

"समजलं."

"अन् औसद कोनता देवाचा?"

"तेही समजलं. कोणतं, किती, सगळं."

"इथं देऊन रायले तेच?"

"तेच."

त्यानं मान हलवली.

"मंग चाळीस जनायले मालूम होता माह्या पोरीचा," तो म्हणाला. "मलेच कोनी नाही सांगतला. सुशिलाबाईजवळ माहा नंबर होता जी. तुमी एक फोन करता, त मी तिले खांद्यावर बसवून आनतो."

माफी मागायची म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात खोलीचं दार उघडलं आणि नर्सनं विचारलं, "चमेली उईकेचं कोण आहे?"

मी सवयीनं उठून उभा राहिलो. जागेश्वरनं माझ्या दंडाला हात लावून मला खाली बसवलं.

"तुमाले नाही बोलावला," तो म्हणाला आणि आत गेला.